एका सीटचं विमान

अजून थोडा वेळ हाताशी आहे, तेवढ्यात सांगून टाकते.

दर रविवारी आमच्या तुंगार्लीच्या बंगलीत तिघं जमायचे. आमचे हे, पुण्याहून फियाट घेऊन येणारे खर्डेकर, आणि लोणावळ्यातच घर केलेले मथाय. तिघंही नौदलातून बाहेर पडलेले वैमानिक. मी आत कांदाभजी तळायची आणि यांनी व्हरांड्यात बसून हातांनी विमानं उडवायची. उजवा तळवा विमान, डावा तळवा जहाज. विषय एकच, सी हॉक. जहाजावरून उडायचं, हल्ला करायचा आणि परत त्या हलत्या जहाजावरच उतरायचं, असलं ते जुनं जेट. सगळं जग त्याला विमान म्हणे. आमचे हे ‘ती’ म्हणायचे.

"ती जरा उजवीकडे ओढायची, आठवतं?" हे म्हणायचे.

"हट्टी होती," मथाय मान डोलवायचे. "पण मनात आलं की अशी वागायची की बास."

"सवतीचं कौतुक झालं असेल तर भजी खा," मी ताट आपटून म्हणायची. तिघं खो खो हसायचे. त्यांना वाटायचं मी गंमत करतेय.

गंमत कसली? जळायचे मी. लग्नात मी कुठल्या रंगाचा शालू नेसले होते ते यांना कधी सांगता आलं नाही, पण तिच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा होता, तो मात्र पक्का लक्षात. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोन माणसं, त्यातलं एक सदा समुद्रावर. शेवटी तिनंच यांची पाठ मोडली. गोव्यापलीकडे इंजिन बंद पडलं, हे सीटसकट बाहेर फेकले गेले, मणका दबला. ती बुडाली. मी देवापुढे साखर ठेवली. हे वाचले म्हणून ठेवली असं सगळ्यांना वाटलं. असू दे, वाटू दे.

नोकरी सुटल्यावर डॉक्टरांनी हवापालट सांगितला, म्हणून आम्ही लोणावळ्याला आलो. म्हटलं, चला, आता तरी हा माणूस माझा.

यंदा, चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात, यांनी माझा आरसा व्हरांड्यात नेला. माझ्या माहेरचा, शिसवी चौकटीचा, पुरुषभर उंच. वऱ्हाडाच्या सामानात कुणाच्या दुसऱ्याच घरी जाऊ नये म्हणून वडिलांनी त्याच्या पाठीच्या फळीवर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहून ठेवलं होतं : चि. सौ. कां. कुमुद. तो यांनी व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात टेकवला आणि पुढ्यात कंदील ठेवला.

"अहो, केस विंचरायला मी आता बाहेर यायचं का?"

हे नुसते हसले. उत्तर खर्डेकरांनी दिलं. "वहिनी, जहाजाच्या कडेला असाच आरसा असतो. उतरताना डेककडे बघायचं नाही, आरशात बघायचं. दिव्याचा गोळा मधोमध दिसला की तुम्ही बरोबर येताय. गोळा वर सरकला तर तुम्ही उंच आहात, खाली गेला तर समुद्रात चाललात."

"आणि दिसलाच नाही तर?"

"तर डावा हात पुढे! इंजिन पूर्ण उघडायचं, वर जायचं आणि एक घिरटी घालून पुन्हा यायचं. तेल असेपर्यंत."

आमच्याकडचं धुकं खंडाळ्याच्या दरीतून वर चढतं. भर दुपारी फाटकाजवळची जास्वंद दिसेनाशी होते. धुकं आलं की हे व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि आत हाक मारायचे, "कुमुद, दिवा लाव गं." मी बडबडत जायची, पण लावायची. एक दिवस चुकवला नाही.

श्रावण लागला आणि औंढ्याहून कामाला येणारी सारजाबाई एका सकाळी अभ्रे हातात घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"बाई, रॉकेल कुटं सांडलं व्हय?"

"नाही गं. का?"

"न्हाई, सायबांच्या उशीला लय वास येतोय. आमी रेशनला लाइनीत उभं ऱ्हातो तर मिळंना, अन् तुमी उशीला वततायसा."

मी अभ्रा नाकाशी धरला. रॉकेलच, पण जळकं, उष्ण. जेटचं तेल असंच वास मारतं, ते मला माहीत होतं. यांचे गणवेश वर्षानुवर्षं मीच धुतले होते. परक्या बाईचं अत्तर नवऱ्याच्या अंगाला यावं तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या संध्याकाळी पाठीला तेल चोळताना दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे वळ दिसले. लालभडक, ताजे. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

"कुठं जाता तुम्ही?"

"कुठं जाणार? खुर्चीत तर असतो."

दुसऱ्या दिवशी धुकं दाटल्यावर मी व्हरांड्यात गेले. स्वतःचे पाय दिसत नव्हते. चाचपडत खुर्चीपाशी पोचले आणि हात पुढे केला. हाताला वेत लागला. खुर्ची रिकामी होती आणि ऊबदार होती. "अहो," मी हाक मारली. छपराच्या पार वरून एक बारीक शीळ सरकत गेली. मी कंदिलाजवळ उभी राहिले, वात जरा मोठी केली. काय करणार होते दुसरं? नवरा होता माझा तो.

खुर्ची करकरली. धुकं विरळलं तेव्हा हे तिच्यात होते, डावा हात पुढे ताणलेला. चेहऱ्यावर जे सुख होतं, ते आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

"मलाही घेऊन चला," मी म्हणाले.

"वेडी का काय! एकच सीट असते गं."

हे हसत हसत आत गेले. मी तिथंच उभी. इतकी वर्षं घरात वाट बघायची, दिवे लावायचे, खारट शर्ट धुवायचे, आणि जागा म्हणाल तर एकच!

पुढच्याच आठवड्यात खर्डेकर यांना पाठीचा फोटो काढायला पुण्याला घेऊन गेले. दुपारी धुकं आलं. मी कंदील लावला, आरसा सरळ केला, पदर खोचला आणि खुर्चीत बसले. मला काही नको होतं. सवत दिसते तरी कशी, तेवढं बघायचं होतं.

खांद्यांवर पट्टे आवळले गेले.

पाठीत लाथ बसावी तसा धक्का बसला, आणि पुढच्या क्षणी ऊन. खाली पिंजलेल्या कापसासारखं धुकं, त्यातून वर आलेली लोहगड-विसापूरची माथी, आणि घाटापलीकडे थेट समुद्र. समोर काच. डाव्या कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा.

ती जरा उजवीकडे ओढत होती. मी हळूच सांभाळून घेतलं. तिनं ऐकलं.

माझा हेवा कुठल्या कुठे गेला. मला ती आवडली हो. आणि मी तिला. परत येताना आरशातला गोळा मधोमध ठेवला, खुर्ची करकरली, आणि माझा डावा हात आपोआप पुढे गेला.

रविवारी हे नेहमीचं सांगायला बसले. "तिच्या काचेवर ना... डाव्या... काय होतं रे ते?"

खर्डेकर, मथाय एकमेकांकडे बघू लागले.

"ओरखडा," मी भजी वाढत म्हणाले. "आणि खाली वळताना पेडल जरा अडकतं. ते सांगायचं राहिलं तुमचं."

खर्डेकरांचा हात हवेतच राहिला. "वहिनी, हे यानं कधी सांगितल्याचं आठवत नाही मला."

"ऐकून ऐकून," मी म्हणाले.

यांचं त्यानंतर खुर्चीत बसणं म्हणजे नुसतं ओलं होणं. रोज बसायचे, रोज शिंकत उठायचे. ती आलीच नाही. एक एक गोष्ट यांच्या तोंडून गळत गेली. आधी ओरखडा, मग इंजिनाचा आवाज, मग जहाजाचा रंग. संध्याकाळी मी मात्र खिडकीशी बसून गुणगुणायची.

"बाई, आता तुमच्या उशीला वास यायलाय," सारजाबाई बोलून गेली. हे दारातच उभे होते.

त्या रात्री यांनी माझ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. वळ बघितले. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. उभा संसार मीच त्या नजरेनं बघत आले होते.

"मला एकदा जाऊ दे," हे म्हणाले. "एकदाच, कुमुद."

"अहो, माझ्या हातात का आहे ते? एकच सीट असते," मी म्हणाले. आणि मला हसू आलं. नको होतं यायला.

आज दुपारी धुकं चढलं तेव्हा यांनी स्वतः खुर्ची पुसली. खांद्यावर शाल घातली माझ्या. आवाज इतका गोड, की मला भरून आलं.

"तू बस. आज दिवा मी लावतो."

या माणसानं घरात कधी काडी ओढली नव्हती. मी बसले.

आता सूर्य समुद्राला टेकलाय. खाली अख्खं मावळ धुक्यानं भरलंय, वळवण धरणाचं पाणीसुद्धा दिसत नाही. तेलाचा काटा तळाशी आलाय.

दिवा लावलाय यांनी. पिवळा उजेड दिसतोय. शब्दाला जागले.

गोळा मात्र दिसत नाही.

एकदा खाली आले. नाही. डावा हात पुढे, घिरटी.

पुन्हा आले. नाही.

यावेळी अगदी खाली आलेय, जास्वंदीला पंख लागेल इतकी. व्हरांडा दिसतोय. हे कोपऱ्यात उभे आहेत. मला नीट दिसावं म्हणून कंदील उंच धरलाय, भिंतीला टेकवलेल्या शिसवी चौकटीतल्या फळीशेजारी.

लाल अक्षरं स्वच्छ वाचता येतायत. चि. सौ. कां. कुमुद.