टांगत्या दिव्याचं वय

घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून तो आमच्या दुकानात शिरला, तेव्हा मला वाटलं — बाळच आहे!

"जपून हं… लय जुना हाय," तो म्हणाला.

आत निघाला पितळेचा टांगता दिवा. मूळचा रॉकेलचा, पण वातीच्या जागी बल्बचा होल्डर बसवलेला.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. माझे वडील राजाराम — आमचे आण्णा — फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात वीजदुरुस्तीचं दुकान चालवायचे. मी, माया, आयटीआय करून त्यांच्या हाताखाली बसायचे.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. वय काढायचंय… दिव्याचं."

"आणि तुमचं?"

"अठ्ठावीस," तो बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तो मल्हार. इथल्याच एका कारखान्यात कामाला, गाव विट्याच्या पलीकडे. वडील, अर्जुना, गेल्या वर्षी वारले होते.

"आईला रॉकेलच्या धुरानं खोकला यायचा. म्हणून दादांनी, म्हंजी वडलांनी, सोताच्या हातानं दिव्याला वायर जोडली, आसं चुलते म्हणत्यात. आई म्हणती, बाजारातनं तसाच आणला आसंल… त्या माणसानं माझ्यासाठी कवा काय केलं?" त्यानं दिवा माझ्याकडे वळवला. "खरं काय ते कळंल का?"

वात वरखाली करायच्या चावीवर झिजलेली अक्षरं होती. मी भिंग धरलं. तोही वाकला — त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागला.

"जर्मनी," मी वाचलं. आवाज का कापला कोण जाणे! "पहिल्या महायुद्धाच्या आधीचा असावा. पण वीज पुष्कळ नंतरची. ही कापडी वेष्टणाची वायर बघा, साठ-सत्तर सालातली."

तेलाच्या टाकीच्या तळाला वायरीसाठी पाडलेलं भोक वाकडं होतं, कडेला कानशीचे ओरखडे. घरचं काम… की एखाद्या घाईतल्या दुकानदाराचं?

होल्डर हलू नये म्हणून खाली कागदाची जाड घडी कोंबली होती. चिमट्यानं ओढली, हळूच उलगडली. कोपऱ्यात गणपती. खाली — चि. अर्जुना, चि. सौ. कां. हरणाबाई. मे १९६७.

"आईच्या लग्नाची पत्रिका!" मल्हार खालीच बसला.

"गावात लाईट कधी आली?"

"अडुसष्टला."

"मग दुकानदाराकडं ही पत्रिका कुठून येणार?"

रविवारी तो आईला घेऊन आला. हरणाबाईंनी पत्रिकेवरून बोट फिरवलं.

"माझ्या लग्नाच्या पत्रिकेचं बूच केलं व्हय ह्यांनी!" त्या खळखळून हसल्या… आणि मग पदर डोळ्यांना लावला. "एका शब्दानं तरी सांगायचं की वं."

आण्णांनी त्यांना आतल्या खोलीत चहाला नेलं. मी दिवा घोंगडीत गुंडाळून मल्हारपुढे सरकवला.

"झालं तुमचं काम. आता कशाला याल इकडं?"

"व्हय…" तो दिवा उचलून पायरी उतरला. थांबला. परत वर आला.

"माया, आमच्या घरात बोलायची रीत न्हाई. पर मला कुणाला तीस वर्सं कोड्यात ठेवायचं न्हाई. तुमी मला आवडता. लय."

मी विचारलं, "आतल्या दोघांसमोर म्हणाल हे?"

त्यानं घोंगडीतला दिवा खाली ठेवला, शर्ट नीट केला आणि थेट आत गेला.

"आण्णा, जरा बोलायचं हुतं…"

मीही उठले. त्याला एकट्यालाच का बोलू द्यायचं?