तपासले, बरोबर आहे

खरं तर त्या मंगळवारी तो आमच्याकडे येणारच नव्हता. चित्र तपासायला येणार होत्या त्याच्या ऑफिसातल्या एक बाई. ऐनवेळी त्यांची दाढ ठणकायला लागली आणि संस्थेने हाताशी सापडलेल्या माणसाला पाठवून दिलं.

आमचं काचेवर नक्षी काढायचं वर्कशॉप आहे. काचेवर चिकटकागद लावायचा, त्यातून चित्र कापून काढायचं आणि उघड्या पडलेल्या भागावर वाळूचा जोरदार फवारा मारायचा. तेवढा भाग पांढरा, धूसर होतो. एकदा झाला की झाला, पुसता येत नाही. वर्कशॉप काकांचं. वडील गेल्यापासून मी काकांकडेच वाढले आणि हात जरा स्थिर झाल्यापासून कापायचं काम माझ्याकडे आलं. चित्रं मात्र काकांच्या जुन्या वहीतली. हंस, द्राक्षांचे घड, फार तर गुलाब. मग ढगांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने आपल्या नव्या दारासाठी हिमकणांची काच मागितली, आणि वहीत हिमकण नव्हते.

"काढ तू," काका म्हणाले. "पसंत पडली तर यापुढची सगळी चित्रं तुझी. नाही पडली, तर पुन्हा हंस."

हंसांचा मला वीट आला होता. कागदाच्या घड्या घालून, कात्रीने कापून, जीव ओतून मी बारा हिमकण केले. एकासारखा दुसरा नाही.

तर तो आला. उंच, जरासा वाकलेला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. टेबलावर पसरलेल्या कागदाकडे बघून म्हणाला, "हे कोणी काढलं?"

"मी."

"सगळं?"

"नाही, अर्धं मांजराने काढलं."

तो हसला, आणि हसताना चष्मा घसरला. कोपऱ्यात 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून त्याने सही केली, तारीख घातली. मग निघायला हवं होतं, पण निघेना. कात्री किती जुनी आहे, वाळू कुठून आणता, चित्र कापताना हात थरथरत नाही का...

"वाळूत एवढा रस?" मी विचारलं.

"आजपासून." मग जरा थांबून, "आमच्याकडे खरे हिमकण आहेत. बघायचे असतील तर... म्हणजे, वेळ असेल तर—"

"आमच्या गावात बर्फ पडत नाही."

"म्हणून तर मी वाढवतो."

"भाजीसारखे?"

"साधारण तसेच. पाणी मात्र घालत नाही, नुसती वाफ."

मला तो आवडला होता. हे आत्ताच सांगून टाकते, उगाच आढेवेढे नकोत.

शनिवारी काच पुरी झाली. काकांनी ती भिंतीला टेकवून उभी केली आणि दोनदा लांबून बघितली. ते एवढं कौतुक कधी करत नाहीत. मी हवेत तरंगतच त्याच्या प्रयोगशाळेत पोचले.

तिथे माझ्या उंचीची एक पेटी होती. वरून उबदार, खाली भयंकर थंड, आणि मधोमध नायलॉनचा एक दोरा ताणलेला. दोऱ्याला वरपासून खालपर्यंत बर्फ लगडला होता. कुठे पातळ चकत्या, कुठे सुया, आणि एका ठिकाणी नेचाच्या पानांसारख्या फांद्या फुटलेल्या चांदण्या.

"एकाच दोऱ्यावर इतकी सोंगं?"

"थंडी बदलली की रूप बदलतं. शून्याखाली दोन अंशांवर चकत्या. पाचाच्या आसपास सुया. पंधराजवळ चांदण्या, आणि वाफ भरपूर असली की फांद्यांना फांद्या. ढगातला प्रत्येक कण वेगळ्या वाटेने खाली येतो, म्हणून कुणाचं रूप कुणासारखं नसतं."

"आणि हे म्हणजे गोठलेले थेंब?"

"छे. थेंब गोठला तर नुसती गोळी होते. ढगात धुळीचा एखादा कण असतो, त्यावर वाफेचाच थेट बर्फ होतो. आधी इवलीशी चकती. तिचे कोपरे बाहेर आलेले, त्यांना वाफ जास्त मिळते, म्हणून तिथून हात फुटतात. सगळे हात एकाच हवेतून जातात, म्हणून वाढतातही साधारण सारखेच. बरोबर राहिलं की माणसंसुद्धा—"

"हे वाक्य घरून पाठ करून आलात ना?"

"...सकाळपासून."

मी हसत भिंगाला डोळा लावला. माझ्या श्वासाने काच धुरकटली, ती त्याने बाहीने पुसली. मी चांदणीचे हात मोजले. मग दुसरीचे. मग तिसरीचे.

"सगळ्यांना सहाच?"

"सहाच. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनातच जुळतात. त्याला इलाज नाही."

"माझ्या चित्रात आठ आहेत."

"कुठल्या चित्रात?"

"ज्यावर तुम्ही सही केलीत."

त्याचा चेहरा पडला. "मी... मी बघितलं होतं—"

"काय बघितलं होतंत?"

मी तडक घरी आले आणि काकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त वही काढली आणि हंसांचं पान उघडून ठेवलं. रविवारभर मी त्या पानाकडे बघून रडत होते.

सोमवारी सकाळी संस्थेच्या संचालिका बाई काच बघायला आल्या. मागून तोही आला, शर्टाची बटणं चुकीची लावून. बाईंनी बोटाने मोजलं. "आठ," त्या म्हणाल्या.

"मुलगी नवीन आहे," काका म्हणाले. "चूक आमची."

"चूक यांची नाही," तो पुढे झाला. "यांनी तोवर जन्मात हिमकण पाहिला नव्हता. मी नऊ वर्षं दुसरं काही पाहिलेलं नाही. सही माझी आहे."

"मग तुम्हाला आठ दिसले कसे नाहीत? पाऊण तास होतात ना इथे?"

"होतो." त्याचे कान लाल झाले. "चित्र मी बघितलंच नाही. मी... चित्र काढणारीला बघत होतो."

फवाऱ्याचं मशीन नेमकं बंद होतं, त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू आलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काच नवी करू. ही चूक आमच्याकडची. चित्रं यांचीच हवीत, हात छान आहे. फक्त टोकं सहा. आणि तपासायला या खेपेला दुसरं कोणीतरी पाठवते."

"ठीक आहे," तो जमिनीला म्हणाला.

"दुसरं कोणी नको!" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "यांनाच पाठवा. चित्र झाल्यावर नको, काढत असताना. रोज."

"रोज?" त्याने मान वर केली. "पण बारा हिमकण म्हणजे फार तर तीन दिवस—"

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "म्हणून सावकाश काढणार आहे."

काकांनी आतून एक स्टूल आणलं, त्यावरची वाळू फडक्याने झटकली आणि ते माझ्या टेबलाशेजारी ठेवलं.