चारशे अकराच्या पुढे

तुम्ही ज्या कामासाठी आलात ते आधी उरकून घेऊ. माझी रस्त्याची टिपणवही त्या कपाटात आहे, जाताना घेऊन जा. बंदरापासून सरहद्दीपर्यंत सातशे बारा किलोमीटर. किलोमीटरचा एकेक दगड, रस्त्याखालची एकेक मोरी तिच्यात उतरवली आहे. फक्त चारशे अकरा ते चारशे अठराची पानं कोरी आहेत. ती कोरी का, हे विचारायलाच कार्यालयाने तुम्हाला पाठवलं असणार. बसा, सांगते. परवाचं पत्र आलं नसतं तर सांगितलंही नसतं.

बावीस वर्षं झाली. मी रस्ते खात्याच्या मोजणी शाखेत होते. वरून हुकूम आला की सबंध महामार्गाची नव्याने नोंद करा. कुठून निघतो, कुठे वळतो, कोणता तुकडा कुणी कधी बांधला, सगळं. साहेब म्हणाले, "रस्त्याची कुंडली मांडायची आहे. बसून बसून कंटाळणार नाही असं माणूस तुमच्याशिवाय नाही." त्यांना चालून चालून म्हणायचं होतं. दोन महिन्यांसाठी एक जीप मिळाली आणि तिच्याबरोबर मामा.

मामा म्हणजे ड्रायव्हर. माझे कुणी नव्हेत, सगळं खातंच त्यांना मामा म्हणायचं. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावात एक भाड्याची खोली होती, पण महिन्यातले चार दिवसही ते तिथे नसत. जीपच्या मागच्या सीटवर त्यांची उशी आणि एक पिशवी कायम. तीस वर्षं याच रस्त्यावर गेलेली. रस्त्याला ते म्हातारा म्हणायचे. "आज म्हाताऱ्याचं अंग तापलंय," असं उन्हाळ्यात म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

म्हाताऱ्याची हकिगत मोठी होती. आधी नुसती पायवाट, मिठाची पोती लादलेली खेचरं जायची ती. मग लष्कराला तोफा न्यायच्या होत्या म्हणून रुंद केली. डोंगरातला भाग कैद्यांकडून खोदून घेतला. त्यात पहारी किती मोडल्या याची नोंद आहे, माणसं किती मेली याची नाही. पुढे खडी आली, डांबर आलं, बस आली. मग गाड्यांना घाई झाली आणि अभियंते एकेक वळण कापत सुटले. वळण कापलं की रस्ता आखूड व्हायचा, पण दगडांवरचे आकडे तेच राहायचे. एक आकडा बदलायचा तर पुढचे शेकडो दगड नव्याने रंगवावे लागतात; एवढी हौस कुणाला असते?

चारशे अकराला असंच झालेलं. पूर्वी तिथे रस्ता डोंगराला सात किलोमीटरचा वळसा घालायचा. मग एक किलोमीटरचा बोगदा पाडला. त्यामुळे बोगद्याच्या या तोंडाशी चारशे अकराचा दगड आणि पलीकडे बाहेर पडलं की एकदम चारशे अठरा. मधले सहा दगड जुन्या वळणावर राहिले. ते वळण बंद होऊन चौतीस वर्षं झाली होती. दोन्ही तोंडांशी मातीचे ढिगारे टाकलेले, त्यामुळे गाडी जाणं शक्य नव्हतं.

"मी चालत मोजून येते," मी म्हटलं. "तुम्ही बोगद्यातून पलीकडे जाऊन थांबा."

मामांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं. "लिहून टाका ना मॅडम, सहा दगड, वापरात नाही. कोण बघायला येतंय?"

पण मी तेव्हा तशी नव्हते. दुपारचे दोन वाजले होते. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. मी मोजणीचं चाक घेतलं आणि ढिगारा चढून पलीकडे उतरले. हे चाक म्हणजे लांब दांड्याला लावलेलं एक सायकलसारखं चाक. ढकलत चालायचं, दर मीटरला ते टक् असं वाजतं.

पहिली काही मिनिटं माझं लक्ष चाकाकडे होतं. मग जाणवलं की आपण फार सहज चालतो आहोत. चौतीस वर्षं बंद असलेल्या रस्त्यावर झुडपं हवीत, डांबर फुटलेलं हवं. इथे कडेचं गवत एका रेषेत कापलेलं होतं. गटारात एक पान नव्हतं. चारशे बाराचा दगड दिसला, ताजा चुना मारलेला, आकडे काळेभोर. चारशे तेराही तसाच. एका ठिकाणी खड्डा बुजवला होता, त्याला पाय लावला तर बुटाला डांबर चिकटलं. गरम डांबराचा तो वास हवेत होता, पण कुठे धूर नव्हता, पिंप नव्हतं, माणूस नव्हतं. पक्षीसुद्धा ओरडत नव्हते. नुसतं माझं टक्, टक्.

चारशे पंधरापाशी दगडी भिंतींची एक खोली होती. पूर्वी दर काही किलोमीटरला एक कामगार नेमलेला असे, मैलकुली म्हणायचे त्याला. खड्डे बुजवायचे, गटारं साफ ठेवायची, दगड रंगवायचे. त्याच्यासाठी बांधलेली खोली. दारात तो उभा होता. उंच, वाळलेला, खाकी कपडे धुऊन धुऊन पांढरे पडलेले. हातात लांब दांड्याचा झाडू.

"या," तो म्हणाला. "मोजणीला आलात? उशीर केलात."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माणूस दिसला म्हणून बरं वाटलं. मी विचारलं, तुम्हाला इथे कुणी ठेवलंय? तो म्हणाला, खात्याने. आत बोलावून पाणी दिलं. खोलीत एक बाज, एक टेबल, भिंतीला टेकवलेली फावडी. सगळं जागच्या जागी. मी वही काढली आणि वळणाची माहिती विचारली. तो सांगत गेला. तोफा ओढताना कुठल्या उतारावर बैल घसरले ते. कैदी रात्री कसे साखळीने बांधून ठेवत ते. पहिल्या बसमधल्या बायका वळणावर कशा डोळे मिटून घेत ते. मी लिहीत होते आणि लिहिता लिहिता माझा हात हळू झाला. तोफांना दीडशे वर्षं झाली होती. ऐकीव गोष्ट सांगावी तसं तो सांगत नव्हता. बैलांचे रंग सांगत होता.

टेबलावर हजेरीपट होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी तो उघडला. रोज एकाच अक्षरात 'हजर'. आजच्या तारखेला हजर. उद्याच्या तारखेला हजर. मी पानं उलटत गेले... पुढचा महिना, पुढचं वर्ष, शेवटच्या पानापर्यंत हजर.

"पुढचंही भरून ठेवलंय?" मी विचारलं.

"कुठे जाणार?" तो म्हणाला. "काम संपल्याचा कागद आला नाही ना."

मग त्याने टेबलाच्या खणातून एक छापील फॉर्म काढला. कार्यभार सोपवण्याचा. तुम्हाला माहीत आहे तो, अजून तसाच आहे. डावीकडे 'देणार', उजवीकडे 'घेणार'. देणारच्या खाली सही होती, शाई तपकिरी पडलेली. घेणारची जागा रिकामी. त्याने तो माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"इथे नाव लिहा. बाकीचं मी बघतो."

खोलीतला डांबराचा वास आता घशात उतरत होता. पळून जावंसं वाटत होतं, आणि तोंडातून काय निघावं? "माझं पद वेगळं आहे. मला हा चार्ज घेता येत नाही." नोकरीत मुरलेलं माणूस भुताशीसुद्धा नियमाने बोलतं.

त्याने मान डोलावली. त्याला ते पटलं. "बरोबर आहे. मग कुणाला तरी पाठवा. चिठ्ठी देऊन पाठवा." मग म्हणाला, "घरी कुणी नसलेला पाठवा, बाई. वाट बघणारं कुणी असलं की माणूस इथे टिकत नाही... त्याचाच जीव हैराण होतो."

"पाठवते," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

मागे वळून पाहिलं नाही. पण शंभरेक मीटर गेल्यावर चाकाच्या आवाजामागे दुसरा आवाज सुरू झाला. सर्र... सर्र... झाडूचा. मी थांबले की थांबायचा. चालले की पुन्हा. जवळ येत नव्हता, लांब जात नव्हता. मी चालत आलेला रस्ता कुणीतरी झाडून घेत होतं. दोन किलोमीटरहून जास्त मी तशी चालले. चारशे अठराचा ढिगारा चढताना चाक हातून पडलं, ते तिथेच टाकलं.

मामा जीपला टेकून उभे होते. दिवस मावळत आला होता. माझ्या हिशेबाने मी खोलीत दहा मिनिटं बसले होते.

"मॅडम, मी दोनदा हाका मारत अर्ध्यापर्यंत येऊन गेलो," ते म्हणाले. "आत नुसतं रान माजलंय. कुठून आलात तुम्ही?"

वही उघडली तर खोलीत बसून लिहिलेल्या पानांवर एक अक्षर नव्हतं. मुक्कामाला पोचेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत. गाडी चालवता चालवता विचारलं, "खोली पक्की आहे म्हणालात? दगडी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे विश्रामगृहाबाहेर झाडूच्या आवाजाने मला जाग आली. सर्र... सर्र... चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, झाडणारी बाई आठला येते. पुढच्या मुक्कामी तेच. त्याच्या पुढच्या मुक्कामी तेच, आणि आवाज खिडकीच्या जरा जवळ. माझी झोप गेली. मुलाला फोन करायचे आणि न बोलता धरून बसायचे. तो तेव्हा शाळेत होता, विचारायचा, आई, तू बोलत का नाहीस?

मामा सगळं बघत होते. आठव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "मॅडम, एक चिठ्ठी लिहून द्या. मी भेटून येतो त्याला."

"काहीतरीच काय, मामा."

"काहीतरीच नाही. वर्षभराने घरी बसायचं, म्हणजे कुठे बसायचं? त्या खोलीत मला चार भिंती बघवत नाहीत. म्हाताऱ्याच्या अंगावरच राहिलोय आयुष्यभर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुमच्याकडे पोर वाट बघतंय."

तुम्हाला सांगते ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. मी थट्टा समजून चिठ्ठी लिहिली असं स्वतःला बरीच वर्षं समजावलं. ते खरं नाही. मला झोप हवी होती. त्या वहीचं पान फाडून मी लिहिलं, 'ठरल्याप्रमाणे यांना पाठवत आहे', खाली सही केली आणि पदाचं नाव घातलं. मामांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, मला पुढच्या गावी सोडलं आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत येतो.

जीप चारशे अकराच्या दगडापाशी सापडली. कुलूप लावलेली, किल्ली पुढच्या टायरवर ठेवलेली. उशी आणि पिशवी नव्हती. पोलिसांनी चार दिवस रान पालथं घातलं. चारशे पंधराला त्यांना एका खोलीचं जोतं मिळालं, त्यातून वाढलेलं झाड माणसाच्या कवेत मावत नव्हतं. मला विचारलं, मी म्हटलं, ते नेहमी एकटे फिरायचे. तेवढंच खरं होतं, ते मी सांगितलं. मामा गेले त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून झाडूचा आवाज थांबला होता.

पुढे सगळं नीट झालं. बढती मिळाली, मुलगा शिकला, परदेशी गेला. मामांची चौकशी करायला कुणी आलं नाही. वर्षभराने खात्याने त्यांचं नाव पटावरून काढलं, त्या कागदावर माझीच शिफारस होती. मी त्या रस्त्याने परत कधी गेले नाही, सरहद्दीकडे जायचं तर दोनशे किलोमीटर लांबून गेले. रात्री कधी कधी वाटायचं, त्या दगडांना चुना लावताना मामा कुणाशी बोलत असतील. ते बडबडे होते हो. गाडीत कुणी नसलं तर रस्त्याशी बोलायचे.

आता पत्र बघा. परवा दाराच्या फटीतून आत सरकवलेलं होतं, वर तिकीट नाही. हा खात्याचा रजेचा अर्ज आहे, जुन्या नमुन्यातला, आता छापतही नाहीत. अक्षर मामांचं आहे, मी तेव्हा रोज त्यांची लॉगबुकं तपासायचे. बावीस वर्षांत एकही रजा घेतली नाही, असं नम्रपणे लिहिलं आहे. गावची खोली एकदा उघडून बघायची आहे, दोन दिवस पुरतील, येत्या सोमवारपासून. खाली रकाना आहे, 'रजेच्या काळातील बदली कामगार'. त्यात माझं नाव आहे. लग्नाआधीचं. ते मी खात्यात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि हे सगळ्यात खाली, मंजुरीच्या चौकटीत. जरा उजेडात धरा. 'मंजूर' लिहून सही केली आहे. बँकेत नेऊन दाखवली मी काल, त्यांनी ताडून पाहिली. सही माझीच आहे, म्हणाले.