कोरा डबा

१९८८ साल. पार्ल्यात माझं गॅरेज होतं. फियाट मी डोळे झाकून खोलायचो, पण नलिनीताईंची जपानी गाडी वेगळी होती. तिच्या इंजिनाला कॉम्प्युटर होता, टिफिनएवढा पत्र्याचा डबा. त्यांच्या यजमानांनी, चंद्रप्रकाशनी, ती मस्कतहून आणली होती. सुट्टीवर आले की रोज संध्याकाळी ते एकटेच तिच्यातून चक्कर मारायचे. गेल्या वर्षी झोपेतच गेले. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती.

आठवडाभर ती माझ्याकडे उघडी पडली होती. हवा मोजणारा सेन्सर बदलला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलले. मग दोन दिवस बॅटरी काढून ठेवली, म्हणजे डबा जुनं सगळं विसरतो. त्याला किती हवेला किती पेट्रोल द्यायचं, हे गाडी चालवून पुन्हा शिकवावं लागतं.

"मीही येते, जयवंतभाऊ," नलिनीताई म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

सकाळचे अकरा वाजले होते. एस. व्ही. रोडने जोगेश्वरीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असा माझा बेत. अंधेरी येईस्तोवर इंजिन गचके खात होतं. कोरा डबा, शिकतोय, असं मी म्हटलं. अंधेरी ओलांडली तसं ते बंदच पडायला लागलं. म्हणून वळवून वर्सोव्याकडे जाणाऱ्या जे. पी. रोडला घातली.

गचके थांबले. इंजिन रेशमासारखं चालायला लागलं.

"झालं वाटतं," मी म्हणालो.

सात बंगल्यापाशी परत फिरायला गेलो, तर पुन्हा गचका. समोर वर्सोव्याकडे तोंड केलं, की शांत. तीनदा करून पाहिलं. पेट्रोलमध्ये कचरा असेल, वायर सैल असेल, मी मनात एकेक कारण मोजत होतो.

"जाऊ दे तिला," नलिनीताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "ते कुठे जायचे, मी कधी विचारलंच नाही."

कोळीवाड्याच्या गल्लीत सुक्या बोंबलांचा वास दाटला होता. एका निळ्या दारापुढे इंजिन आपोआप बंद झालं. मी चावीला हात लावला नव्हता.

दारात एक म्हातारी आली. दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडलेलं. तिने इंजिनाचा शेवटचा आवाज कान देऊन ऐकला असावा.

"आज लवकर आयलास रं?" ती म्हणाली. "काल तं तिनसांजेला आयलास."

काल या गाडीत बॅटरी नव्हती.

नलिनीताईंनी खिडकीतून विचारलं, "आजी, कोण येतो?"

"चंदू. दुसरा कोन? रोज येतो, चा पितो नं जातो." म्हातारी हसली. "तू त्याची बायको काय गं? आनतो, आनतो म्हनत व्हता."

नलिनीताईंनी पदर तोंडाशी धरला.

म्हातारी आत गेली. काठोकाठ भरलेला कप घेऊन भिंत चाचपत आली. माझी खिडकी तिने सोडली. मागच्या दाराची काच अर्धी खाली होती. तिथे तिने कप आत धरला.

मी आरशात पाहिलं नाही. नलिनीताईंनी मान वळवली नाही.

ती थांबली. निवांत, सवयीने.

मग तिने हात बाहेर घेतला आणि कप उपडा करून उंबऱ्यावर ठेवला. त्यातून थेंबही पडला नाही.