धुक्यातली हजेरी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा.

समजा, तुमच्यासमोर पांढरं धुकं आहे. इतकं दाट, की हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. तुमच्या मागून तुमची धाकटी बहीण चालते आहे. ती दिसत नाही, पण तिचा आवाज येतो आहे.

आवाज येतोय, म्हणजे ती आहे. हो की नाही?

मीही असंच समजत होतो.

उघडा डोळे. ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी बदलला असता. वीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी तीन ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान हे घडलं. मी तिथे होतो. चूकही माझीच होती.

मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. माझी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, घरात बसून भिंतींना शिकवशील. चल आमच्याबरोबर फिरायला." म्हणून गाडीत आम्ही पाच जण. मेहुणे, बहीण, मी, नऊ वर्षांचा गोटू आणि सहा वर्षांची चिमी.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. पेट्रोल पंपावर गोटू संडासात राहिला आणि आम्ही तीन किलोमीटर पुढे निघून गेलो.

"एवढी शांतता कशी काय, तेच म्हणत होतो," मेहुणे म्हणाले.

"हसू नका हो! पोरगं विसरलात तुम्ही!" बहीण ओरडली.

मग मी हजेरी सुरू केली. वयाप्रमाणे नव्हे, गाडीतल्या जागेप्रमाणे. मेहुणे एक, बहीण दोन, मी तीन, गोटू चार, चिमी पाच. ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. पाच ऐकू आलं की गाडी सुटायची.

"मास्तर रिटायर झाले, पण हजेरी नाही झाली," असं मेहुणे दर थांब्याला चिडवायचे.

शाळेत मी मान वर न करता हजेरी घ्यायचो. नुसत्या आवाजावरून पोरं ओळखायचो. मित्राच्या नावाने 'हजर' म्हणणारा एकही पोरगा माझ्या हातून सुटला नव्हता. याचा मला फार अभिमान होता.

सोमवारी संध्याकाळी आम्ही चहाच्या मळ्यातल्या कॉटेजवर पोचलो. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे रुंद व्हरांडा. व्हरांड्यापासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत चहाची झुडपं, ओळींमागे ओळी. दोन ओळींमध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट.

तिथला रखवालदार साठीचा होता. चहा देताना म्हणाला, "वर पाण्याच्या टाकीपर्यंत जा खुशाल, दरी छान दिसते. पण धुकं उतरलं तर एकमेकांचे हात धरा. हाका मारू नका."

"का हो?" मी विचारलं.

"आमच्या पाती खुडणाऱ्या बायका धुक्यात दोर धरून उतरतात. मुकादम खांद्याला हात लावून मोजतो. आवाजावर नाही मोजत."

मी हसलो. त्याला समजावून सांगितलं, की धुक्यात डोळ्यांपेक्षा कानच जास्त कामाचे.

तो रिकामे कप उचलून आत गेला.

मंगळवारी तीन वाजता आम्ही टाकीपाशी पोचलो. आणि धुकं आलं. आलं म्हणजे काय... वर बघेपर्यंत दरी गेली, खाली बघेपर्यंत पाय गेले.

"चला, खाली," मेहुणे म्हणाले. "एकामागे एक."

बहीण चिमीला पुढे घ्यायला निघाली, तर चिमी हटून बसली. "मी शेवटी! पाच शेवटीच असतो ना, मामा?"

सहा वर्षांच्या पोरीला क्रम कळतो, याचं मला कौतुक वाटलं.

मी म्हणालो, "शाब्बास! पाच शेवटीच."

तेवढं म्हणालो नसतो तर...

असो.

आम्ही निघालो. दर वीस पावलांनी मी हजेरी घ्यायचो. एक, दोन, तीन, चार, पाच. चिमीला दोन दिवस सर्दी होती. आवाज घोगरा, आणि 'पाच' म्हटल्यावर नाक ओढायची.

पहिल्या तीन हजेऱ्यांना तिने नाक ओढलं.

चौथ्या हजेरीला...

"पाच."

स्वच्छ, मोकळा आवाज. नाक ओढणं नाही. धाप नाही.

मला ते जाणवलं. अगदी नीट जाणवलं. आणि मी मनात काय म्हणालो, सांगू? हवा मानवली पोरीला.

मागे वळून हात लावला नाही.

नऊ वेळा हजेरी घेतली. नऊही वेळा पाच आलं. पत्र्याचं छप्पर दिसलं, व्हरांड्याच्या पायऱ्या आल्या. मेहुणे चढले, बहीण चढली, मी चढलो, गोटू चढला.

त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"चिमे?"

धुक्यातून आवाज आला... "पाच."

"ये गं, पुरे झाला खेळ," मेहुणे हसत म्हणाले आणि आवाजाच्या दिशेने चार पावलं गेले. आवाज चार पावलं मागे सरला. ते पळाले. आवाज तेवढाच लांब राहिला.

"गोटू, तुझ्या मागेच होती ना ती?" बहिणीने विचारलं.

"मी मागे बघितलंच नाही," गोटू म्हणाला. "आवाज येत होता म्हणून..."

रखवालदार धावत आला. त्याने मळ्यातली माणसं बोलावली. दोर आणले. मेहुण्यांसह पंधरा-वीस माणसं एकेका ओळीत शिरली, झुडपांखाली हात घालून चाचपत वर गेली. कुणी हाक मारली नाही.

मी आणि गोटू उभे होतो तिथे येऊन रखवालदार हळू आवाजात मला म्हणाला, "तीस वर्षं झाली, मास्तर. याच उतारावर बायका खुडत होत्या. धुकं आलं. मुकादम पुढे, त्या मागे. तो हाक द्यायचा, त्या ओळीने आकडे म्हणायच्या. खाली येईपर्यंत एक आकडा चुकला नाही. फाटकाशी त्याने वळून बघितलं..."

"मग?"

"मागे कुणी नव्हतं. वर दरड कोसळली होती, सगळ्या तिच्याखाली. त्याने पहिली हाक दिली, त्याच्याही आधी."

मुलांनो, एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. खोटी आशा लावून ठेवणं मला जमत नाही. चिमी सापडली नाही. आठ दिवस शोधलं. पोलीस आले, कुत्री आली. ना चप्पल मिळाली, ना रिबीन. त्या उतारावर कुठे खड्डा नाही, विहीर नाही, पडावं अशी जागाच नाही. काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. शेजारची मुलं लपंडाव खेळताना आकडे म्हणायला लागली, की मी उठून खिडकी लावतो. ती 'चार' म्हणायच्या आधी.

पण त्या संध्याकाळचं अजून सांगायचं राहिलंय.

सहा वाजत आले होते. बहीण पायरीवर बसली होती आणि धुक्याकडे बघून म्हणत होती, "एक. दोन. तीन."

शेजारी बसलेला गोटू म्हणायचा, "चार."

आणि धुक्यातून यायचं... "पाच."

दर वेळी तिचा चेहरा उजळायचा. पुन्हा, "एक. दोन. तीन." तिचा घसा बसला, तरी ती थांबेना. मला तिला थांबवायचं धैर्य झालं नाही. तेवढाच तर आवाज उरला होता पोरीचा.

शेवटी रखवालदार तिच्यासमोर उकिडवा बसला. "ताई, हात जोडतो, गप्प बसा. पोर खरंच कुठे रडत असेल, तर तिचं रडणं ऐकू यायला हवं. हे बोलणारं ती नाही."

"माझ्या मुलीचा आवाज मला कळत नाही?" बहीण किंचाळली. मग गोटूकडे वळली. "एक. दोन. तीन... म्हण ना, राजा."

गोटूने ओठ घट्ट मिटले.

"म्हण ना रे. एकदाच. एकदाच चार म्हण."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण तो बोलला नाही. आम्ही सगळेच गप्प झालो. पत्र्यावरून थेंब पडायचे, तेवढाच आवाज. आम्ही कान देऊन रडणं शोधत होतो.

रडणं आलं नाही.

कुणी चार म्हटलं नव्हतं. तरीही, पायऱ्यांच्या अगदी खालून...

"पाच."

बहीण ताडकन उठली. हसत होती ती. "आली! अरे, आली माझी बाय!"

आणि त्या आवाजाच्या मागून, एका बाईचा आवाज...

"सहा."

मग दुसरीचा. "सात."

शांत, दमलेले आवाज. काम संपवून ओळीने घरी निघालेल्या माणसांसारखे.

"आठ."

रखवालदाराने टोपी काढली आणि मान खाली घातली. "माझी आई," एवढंच म्हणाला.

आनंदाच्या भरात बहिणीने अजून फक्त पाच ऐकलं होतं. ती हात पसरून पायरी उतरायला लागली.

गोटूने मात्र सगळं ऐकलं होतं. चिमी कुणाच्या ओळीत चालते आहे, ते त्याला कळलं होतं.

तो धावत जाऊन आईच्या वाटेत आडवा उभा राहिला. खालच्या पायरीवर होता, म्हणून टाचा उंचावल्या. दोन्ही हात वर करून त्याने तिचे कान घट्ट झाकले.

आणि स्वतः शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकत राहिला.