डॉक्टर रुकैयाचा जळफळाट

“शिळी आहे मेली. डोळे बघ कसे आत गेलेत!”

कतारमधल्या दोह्याच्या मासळीबाजारात रुकैया स्वतःशीच पुटपुटली. समोर अरब कोळी, त्याच्या पुढ्यात चकाकणारी सुरमई, आणि रुकैयाच्या तोंडी मोजून चार अरबी शब्द. त्यातला एकही कामाचा नव्हता.

“नुसते डोळे बघू नका. कल्ला उचलून बघा.”

मराठी? इथे? तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, बाह्या दुमडलेला एक तरुण अगदी गंभीर चेहऱ्यानं उभा होता. तिनं कल्ला उचलला. आत लालबुंद.

“आता माफी मागा,” तो म्हणाला.

“कोणाची? तुमची?”

“माझी कशाला? सुरमईची.”

रुकैयाला हसू आलं. तिनं ते ओढणीच्या पदराआड लपवलं. तो इकबाल, हर्णैचा. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायचा. आणि ती डॉक्टर रुकैया, श्रीवर्धनची. मुंबईत डॉक्टर होऊन नुकतीच त्याच दवाखान्याच्या बायकांच्या विभागात रुजू झालेली. तेलकंपनीत कारकून असलेल्या थोरल्या भावाकडे, मन्सूरभाईंकडे राहायची.

“म्हणजे तुम्ही काढलेलं रक्त माझ्याकडेच येणार,” इकबाल म्हणाला. “बरं झालं… आधी ओळख झाली.”

ती गोष्ट बासष्ट सालच्या हिवाळ्यातली.

रुकैया तिथे एक ध्यास घेऊन आली होती. लहानपणी तिनं आपल्या आत्याला वाकत वाकत जाताना पाहिलं होतं. हाडं दुखतात म्हणायची बिचारी, आणि घरचे म्हणायचे, वय झालं. वय कसलं? चाळिशीही उलटली नव्हती. दोह्यात तिला तशाच बायका भेटल्या. बाहेर आग ओकणारं ऊन, पण या बायका उंच भिंतींच्या आत, काळ्या कपड्यात नखशिखान्त झाकलेल्या. अंगाला ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्व नाही, आणि ते नाही म्हणून हाडांत कॅल्शियम नाही. मग गळ्यातल्या चार ग्रंथी, मसुराच्या दाण्याएवढ्या, पॅराथायरॉइड नावाच्या, कामाला लागायच्या. त्यांचा रस हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात आणायचा. रक्ताची भूक भागवायला हाडंच खर्ची पडायची! जगात त्या रसावर नुकतंच कुठे नीट संशोधन सुरू झालं होतं. रुकैयानं ठरवलं, आपण इथे या बायकांवर अभ्यास करायचा.

अभ्यास म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे इकबाल.

दुपारची ओपीडी संपली की ती प्रयोगशाळेत यायची. तो काचेच्या नळीतून जांभळं औषध थेंबथेंब सोडायचा. शेवटच्या थेंबाला खालचं पाणी फिकट गुलाबी व्हायचं.

“श्वास रोखा,” तो हळूच सांगायचा. “रंग टिकला तरच आकडा खरा.”

दोघंही वाकून बघायची. डोकी जवळ यायची… इतकी जवळ की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास तिला यायचा. तिला वाटायचं, हे सगळ्या जगात आपल्या दोघांनाच कळतं.

आणि मग सुरय्या आली.

सुरय्या म्हसळ्याची. नवी नर्स. गालाला खळी, बोलणं मंजूळ, आणि हसणं? ते तर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचं. तिला प्रयोगशाळेचं काम शिकायचं होतं आणि इकबालनं लगेच होकार दिला. एका दुपारी रुकैया दारात आली, तर तिच्या जागेवर सुरय्या वाकलेली. “श्वास रोख,” इकबाल म्हणत होता. तेच शब्द! तोच हळू आवाज!

रुकैया उंबऱ्यावरच थांबली.

“डॉक्टर, या ना,” इकबाल म्हणाला.

“नको. इथे गर्दी आहे.”

“दोघांची गर्दी?”

“कधी कधी दोघांचीच फार होते.”

ती गेली. त्या दिवसापासून तिचं सगळं बिनसलं. चहा कडू लागायचा. सुरय्याच्या ओढणीचा रंग गुलाबी असला, तर तो मुद्दामच वाटायचा. एकदा इकबालनं सुरय्याला खजूर दिले, तेव्हा रुकैयानं वॉर्डात तिला उगाच झापलं. रुकैयालाही अगदी हेच खजूर त्यानं आदल्या दिवशी दिले होते, पण ते तेव्हा कुठे आठवायला!

त्याच सुमाराला हमिदाबी दाखल झाली. तिचा नवरा वली कापडाचा व्यापारी, राजापूरचा. हमिदाबीची हाडं दुखत, चालताना ती भिंत धरायची. रुकैयानं बाकीच्या बायकांसारखीच तिलाही ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. बाकीच्या सुधारल्या. ही मात्र पाणी पाणी करायची, अन्नावरून मन उडालेलं.

रक्त तपासायला गेलं. निकाल घेऊन इकबाल स्वतः आला.

“कॅल्शियम वाढलंय, डॉक्टर. फारच. तुमच्या बायकांत ते कमी असतं, हिचं उलटं आहे.”

“तपासलं कोणी?”

“सुरय्यानं. मी शेजारीच होतो.”

“हो, ते कळलं. हसणं इथपर्यंत येत होतं.” रुकैयाचा आवाज तिलाच परका वाटला. “खलास, विषय संपला. तो आकडा चुकीचा आहे. फेकून द्या.”

“मी स्वतः बघितलाय…”

“तुमचं लक्ष कुठे असतं ते मलाही दिसतं, मिस्टर इकबाल.”

त्याचा चेहरा उतरला. तो निघून गेला. इंजेक्शनं चालूच राहिली.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी वलीभाई धावत मन्सूरभाईंच्या दारात आले. “डॉक्टरीणबाई, चला. ती मला ओळखत नाही!”

वॉर्डात हमिदाबी खाटेवर निपचित पडली होती. ओठ कोरडे, उलट्या, डोळ्यांत ग्लानी. रुकैयानं तिचा हात हातात घेतला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. हिला ऊन कमी नव्हतं पडलं. हिच्या गळ्यातली एक ग्रंथीच वेडी झाली होती. ती कोणाचं न ऐकता कॅल्शियम ओढत सुटली होती, आणि आपण वरून इंजेक्शनं देऊन तिच्या हाती आणखी कॅल्शियम देत होतो. आकडा खरा होता. तो हातात आला होता. आपणच तो फेकला होता.

इंजेक्शनं बंद झाली, सलाइन सुरू झालं. इकबाल सुट्टीच्या दिवशी निरोपासरशी आला. दोघांनी पुन्हा तपासणी केली. तेच. मोठ्या सर्जननी गळा उघडला, तेव्हा चारपैकी एक ग्रंथी खजुराच्या बीएवढी फुगलेली निघाली.

चौथ्या दिवशी हमिदाबीनं डोळे उघडून नवऱ्याला विचारलं, “दुकान कोणाच्या भरवशावर टाकलंत?” वलीभाई तिथेच खाली बसून रडायला लागले. रुकैया मात्र व्हरांड्यात जाऊन रडली.

आधी तिनं सुरय्याला गाठलं. “तुझा आकडा बरोबर होता. मी तुझ्यावर राग काढला. हमिदाबीच्या जिवावर बेतलं. मला माफ कर.”

सुरय्यानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “राग कशाचा ते मला कळत होतं, आपा. आणि खोटं कशाला बोलू? मला ते आवडायचे. मी विचारलंसुद्धा.”

रुकैयानं पटकन विचारलं, “मग?”

“म्हणाले, जागा रिकामी नाही.” सुरय्या हसली, पण खळी पडली नाही. “कोणी घेतलीय ते तुम्हीच विचारा. मला काम शिकायचंय, तेवढं थांबवू नका म्हणजे झालं.”

प्रयोगशाळेत इकबाल पाठमोरा उभा राहून काचा धूत होता.

“मला काही सांगायचंय,” रुकैया म्हणाली. “वळू नका. वळलात तर जमणार नाही.”

तो वळला नाही.

“त्या आकड्यावर माझा अविश्वास नव्हता. मी… मी जळत होते. तुम्ही तिला श्वास रोख म्हणालात ना, तेव्हापासून. डॉक्टर असून एका बाईला मरणाच्या दारात नेलं मी, या जळण्यापायी. तुम्ही माझं तोंड बघू नका म्हणालात तरी मला चालेल. पण खरं काय ते तुम्हाला कळायला हवं.”

नळ बंद झाला. इकबाल सावकाश वळला.

“चूक मोठी होती,” तो म्हणाला. “ती लपवू नका. सर्जनना सांगा.”

“सकाळीच सांगितली. वलीभाईंनाही.”

त्यानं मान हलवली. मग ओले हात पुसले. “आता माझं ऐका. जळणं काय ते मला विचारा. दीड वर्षं झाली. मी म्हणतो, आज समुद्राला भरती आहे. तुम्ही म्हणता, पॅराथायरॉइड. मी म्हणतो, चंद्र बघा. तुम्ही म्हणता, कॅल्शियम. तुम्हाला जळायला एकटी सुरय्या होती… मला तर चार ग्रंथींशी टक्कर द्यावी लागतेय!”

रुकैया हसली, रडली, आणि पुन्हा हसली.

“मन्सूरभाई घरी कधी भेटतील?” त्यानं विचारलं.

“जुम्म्याच्या नमाजनंतर. पण… एक आहे. लंडनहून बोलावणं आलंय. हाडांच्या आजारांच्या विभागात, वर्षभर. मी नाही म्हणणार होते.”

“का?”

“इथे तुम्ही आणि सुरय्या…”

“रुकैया!” त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. “हमिदाबीसारख्या आणखी किती असतील? जायचं. निकाह करून जायचं, पण जायचं.”

शाबान महिन्यात निकाह झाला. सुरय्यानं मेंदी काढली, आणि हमिदाबी भिंत न धरता चालत आली.

विमानतळावर इकबाल निरोप देत असताना एका देखण्या इंग्रज डॉक्टरानं रुकैयाची बॅग अदबीनं उचलली. “यल्ला, डॉक्टर, निघू या,” तो हसून म्हणाला.

“हा कोण?” इकबालनं विचारलं. आवाज उगाच जाड झालेला.

“हाडांचा तज्ज्ञ. लंडनपर्यंत सोबत आहे.”

“सोबत? वर्षभर?”

“इन्शाल्ला,” रुकैया म्हणाली.

इकबालचा चेहरा बघण्यासारखा झाला. कपाळावर आठी, ओठ मिटलेले, एक हात खिशात जाऊन बाहेर येतोय. रुकैयानं तो चेहरा डोळे भरून पाहिला. कितीतरी महिन्यांनी तिला इतकं गार गार वाटलं.

त्या डॉक्टरची बायको आणि तीन मुलं केव्हाच विमानात जाऊन बसली होती. पण हे तिनं विमानाचा अर्धा जिना चढून गेल्यावरच इकबालला ओरडून सांगितलं.