हौसाबाईंचं उत्तर

भुतंखेतं मी मानत नाही, हे आधीच सांगतो. तेव्हा मध्ये हसू नका.

शहाऐंशी साली रत्नागिरीत एका खासगी दवाखान्यात मी शिकाऊ डॉक्टर होतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला एक प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे असे: टेबलावर श्वास थांबलाच, तर कुठवर प्रयत्न करायचे? विचारायचं पेशंटला आणि लिहायचं घरातल्या पुरुषाचं, अशी आमची पद्धत. मलाही त्यात काही गैर वाटत नसे.

पाली गावाकडच्या हौसाबाई पिशवीच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"गेले तर जाव दे. मागं वडू नको."

"का हो?"

"माजा घोव थिकडं हाय. मरून बारा वर्सं झाली. जित्ता व्हता तवा माडी पिवून रोज मारायचा. मना मागं वडलंस, तर माज्या पाठनं थो येल..."

मेलेला नवरा पाठोपाठ येईल म्हणे! मला हसू आलं. त्यांचा मुलगा सखाराम मुंबईत कारकून होता. तो आईचे पाय चेपत बसला होता. "साहेब, काय वाट्टेल ते करा, पण आईला जगवा," तो म्हणाला. मी तेच लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला टेबलावर त्यांचं हृदय थांबलं. मी छाती दाबत राहिलो. हाताखाली बरगडी मोडली, तरी थांबलो नाही. चौथ्या मिनिटाला नाडी लागली, आणि बंद खोलीत माडीचा आंबूस वास सुटला.

दुपारी त्या शुद्धीवर आल्या. उशाशी सखाराम उभा होता. त्याला बघताच त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, मार चुकवावा तसं.

"ऊठ," तो म्हणाला. आवाज जाड, घोगरा. "निजलीस ती पुरे..."

मी त्याला हटकलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरलो. मला त्याची भीती वाटली, हे कबूल करतो.

हौसाबाई हळूच मला म्हणाल्या, "मंग इच्यारलंस कशाला?"

मी केसपेपरवर त्यांच्या नाडीचे ठोके लिहीत बसलो.

दहाव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. आपण आता गावीच राहणार, मुंबईला जाणार नाही, असं सखारामनं सांगितलं. कागदावर सही करायला मी पेन पुढे केलं. तो बराच वेळ पेनाकडे बघत राहिला, आणि मग त्यानं डावा अंगठा पुढे केला.

हौसाबाईंनी मान वर केली नाही. शाईचा पॅड मीच आणून दिला.